दाबासकट जिवंत



ही व्याख्यानमाला प्राणिशास्त्राच्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते. त्यामुळे समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी कधीकाळी फॉर्मॅलिनच्या वासात दुपारी काढल्या असणार, असं मी धरून चालतो. काचेच्या बरण्या, त्यांवरच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या आणि आत रंग उडालेले जीव. प्राण्याचं नाव काय, कुळ कोणतं, कुठे आणि कधी सापडला, एवढं त्या बरणीवरून कळतं. तो किती उष्णता सोसायचा, श्वास किती घ्यायचा, कशापासून दूर पळायचा, हे कळत नाही. बागेतल्या सरड्याच्या बाबतीत ही अडचण नाही, कारण बरणी ठेवून बागेत जाता येतं. खोल समुद्रातल्या प्राण्यांच्या बाबतीत मात्र गेली दीडशे वर्षं आपल्या हाती बहुतेक बरणीच आहे. दोन-तीन किलोमीटर खोलीवरचा प्राणी त्याच्या दाबासकट जिवंत वर आणायचा, असा ध्यास घेतलेल्या थोड्या लोकांबद्दल मी आज बोलणार आहे. त्यातून एक मागणंही निघतं. ते शेवटी सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर खाली कोणी राहतं हेच मान्य नव्हतं. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने एजियन समुद्रात जाळी ओढून पाहिली. खोलीबरोबर प्राणी कमी होत जातात, तेव्हा साधारण 550 मीटरच्या खाली काहीच नसावं, असा निष्कर्ष त्याने 1843 च्या सुमारास काढला. अनुमान चुकलं, पण माणूस हुशार होता. त्याच्या जाळ्यात जे आलं त्यावरून तो बोलला. 1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभर फिरून हजारो मीटर खोलीवरून प्राणी वर काढले आणि हा वाद मिटवला. आपल्या समुद्रात हे काम ‘इन्व्हेस्टिगेटर’ने केलं. मुंबईच्या गोदीत बांधलेली ही सर्वेक्षण बोट. तिच्यावरचे डॉक्टर-निसर्गतज्ज्ञ आल्फ्रेड ॲल्कॉक यांनी अरबी समुद्रातून आणि बंगालच्या उपसागरातून काढलेले मासे, खेकडे आणि प्रवाळ कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जमा केले आणि 1902 मध्ये त्यांवर एक वाचनीय पुस्तक लिहिलं. संग्रह मोलाचा होता आणि आजही आहे. पण त्यातला प्रत्येक प्राणी स्पिरिटमध्ये बुडालेला.

जाळ्यातून वर येताना प्राणी मरतो का? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सगळे जण पहिलं उत्तर देतात ते दाबाचं. समुद्रात दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. म्हणजे 2,500 मीटरवर अडीचशे वातावरणं, आणि मारियाना गर्तेच्या तळाशी हजाराहून अधिक. घरातला कुकर शिटी देतो तेव्हा त्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक वातावरण जास्त दाब असतो. त्यावरून अडीचशेचा अंदाज करावा. ज्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, म्हणजे पुस्तकांतलं वाताशय, त्यांचं वर येताना काय होतं ते कोकणातला कोणीही खलाशी सांगेल. दाब उतरतो तशी आतली हवा फुगते, पोट ताणतं, जठर तोंडावाटे बाहेर येतं, डोळे खोबणीतून पुढे येतात. हा बॉइलचा नियम आहे, शाळेत शिकवतात.

पण खोल समुद्रातल्या पुष्कळ प्राण्यांच्या अंगात हवेची एकही पोकळी नसते. कोळंबी, खेकडे, किडे आणि कितीतरी मासेही असेच. त्यांच्या अंगात फुगण्यासारखं काही नाही, मग ते का मरतात? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतले जेम्स चिल्ड्रेस यांनी 1970 च्या दशकात या प्रश्नाला एक साधं उत्तर दिलं. मधल्या खोलीतले अनेक जीव दाब गेल्याने मरत नाहीत, ते उकाड्याने मरतात. खालचं पाणी चार-पाच अंश सेल्सियस, वरचं वीस-पंचवीस. जाळ्याच्या शेवटाला उष्णतारोधक डबा लावून त्यांनी प्राणी थंड ठेवले, तर बरेच जगले. अरबी समुद्राचं पृष्ठभागाचं पाणी वर्षातला बराच काळ 28 अंशांच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याकडे हा धक्का अधिकच मोठा. तिसरा धक्का प्राणवायूचा. आपल्या समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू जवळजवळ नसल्यासारखा असतो. तिथे मुरलेल्या जीवाला वरचं हवाशीर पाणी मानवेलच असं नाही. म्हणून दाबाचं भांडं बांधायला निघणाऱ्याने आधी बर्फाचा डबा करून पाहावा, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे. स्वस्तात पडतं, आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी मात्र दाबच लागतो. दाबाचा जीवावर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत पाहणारा पहिला मोठा माणूस म्हणजे पॅरिसचे पॉल रेन्यार. 1880 च्या दशकात त्यांनी उथळ पाण्यातले प्राणी पोलादी नळकांड्यात घालून पंपाने दाब चढवला. वाताशयातली हवा काढून टाकलेला मासा शंभर वातावरणांना काही दाखवत नव्हता. दोनशेला त्याला गुंगी यायची आणि तीनशेला तो मरायचा. इथे हवेची पोकळी नव्हती, तरी जीव गेला. म्हणजे दाब पेशींच्या आतच काहीतरी बिघडवत होता. पण रेन्यारांच्या भांड्यात वरचा प्राणी खालच्या दाबात होता. खालचा प्राणी खालच्याच दाबात पाहायला मिळण्यासाठी अजून नव्वदेक वर्षं जायची होती.

त्या मधल्या काळात एक मजेशीर अपघात घडला. 16 ऑक्टोबर 1968 रोजी ‘ॲल्विन’ ही अमेरिकी पाणबुडी समुद्रात सोडताना तिच्या तारा तुटल्या. आतले तिघे जण वेळेत बाहेर पडले आणि पाणबुडी सुमारे 1,540 मीटर खोल तळाशी जाऊन बसली. दहा महिन्यांनी ती वर काढली तेव्हा आत त्या दिवशीचं जेवण जसंच्या तसं होतं: सँडविच, सफरचंदं, थर्मासमधलं सूप. पाव भिजला होता, पण वासाला ताजा. तेच पदार्थ प्रयोगशाळेच्या शीतकपाटात ठेवले तर काही आठवड्यांतच नासले. अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होल्गर यानाश यांनी 1971 मध्ये यावर लेख लिहिला, आणि खोल समुद्रात कुजण्याची क्रिया इतकी मंद का, हा प्रश्न ऐरणीवर आला. थंडी की दाब? उत्तर हवं तर नमुना दाब न सोडता वर आणायला हवा, हे त्यांनी ओळखलं आणि तशी उपकरणं बांधायला घेतली. गंमत अशी की पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून जवळजवळ उलटंच उत्तर आलं. काही जीवाणूंना दाबाचा त्रास तर होत नाहीच, दाबाशिवाय ते वाढतच नाहीत.

ती प्रयोगशाळा कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतली, अरिस्टाइड्स यायानोस यांची. 1978 मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या क्षेत्रातला मैलाचा दगड मानतात. प्रशांत महासागरात 5,700 मीटर खोलीवर त्यांनी आमिष लावलेला सापळा सोडला. सापळ्याला दोर नव्हता. खाली जायला वजन, वर यायला तरंगते गोळे; ठरल्या वेळी वजन सुटतं आणि सगळं यंत्र आपोआप वर येतं. सापळ्यात शिरलेले ॲम्फिपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले वाकड्या पाठीचे छोटे जीव, तळाशीच कोंडले गेले आणि 580 बारच्या दाबात जिवंत वर आले. एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण. ते पुढे काही दिवस प्रयोगशाळेत पोहत राहिले. नंतर याच कुळातल्या प्राण्यांवर त्यांनी पाहिलं की दाब उतरवला की प्राणी निपचित पडतात, आणि पुन्हा चढवला की हलू लागतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जहाजाच्या फळीवर निपचित पडलेला ॲम्फिपॉड पाहून कुणीही तो मेला असंच लिहिलं असतं, आणि तशा कितीतरी नोंदी जुन्या वह्यांत असतील. दाबाशिवाय न वाढणारे जीवाणूही यायानोस यांना अशाच ॲम्फिपॉडांच्या अंगात मिळाले. जपानी शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये मारियाना गर्तेच्या जवळजवळ 10,900 मीटर खोल तळातून वेगळा केलेला एक जीवाणू 500 वातावरणांच्या खाली वाढतच नाही. त्याला त्यांनी नाव दिलं मोरिटेला यायानोसी. शास्त्रज्ञाला याहून मोठा पुरस्कार कोणता असणार?

आता भांड्याकडे येतो. पुण्या-चिंचवडात हायड्रॉलिक्सचं काम करणारे कोणी सभागृहात असतील, तर त्यांना पुढची दोन-चार वाक्यं ओळखीची वाटतील. पाणी फार थोडं दबतं. अडीचशे बारखाली ते जेमतेम एक टक्का आकसतं. याचा अर्थ, 19 लिटरच्या पोलादी भांड्यात अडीचशे बार दाब असेल आणि झाकणाच्या कडेने पेलाभर पाणी गळालं, तर सगळा दाब गेला. शिवाय भांडं वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, पोलाद किंचित फुगतं आणि तेवढ्यानेही आतला दाब खाली येतो. यावर उपाय म्हणजे ॲक्युम्युलेटर: पिस्टनच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबाने भरलेला नायट्रोजन. पाणी थोडं गळालं की वायू पसरून पिस्टन ढकलतो आणि दाब टिकतो. कारखान्यात रोज वापरली जाणारीच ही वस्तू. दुसरी अडचण झाकणाची. आतला व्यास 20 सेंटिमीटर असेल तर अडीचशे बारला झाकणावर आतून सुमारे 80 टन जोर येतो. हे झाकण समुद्रतळावर पाणबुडीच्या यांत्रिक हाताने लावायचं असतं, म्हणजे ते हलकंही हवं. खाली आतला-बाहेरचा दाब सारखा असल्यामुळे ते सहज बसतं; खरी कसोटी वर येताना. तिसरी अडचण प्राण्याची स्वतःची. बंद भांड्यात तो प्राणवायू संपवतो आणि पाणी घाण करतो. म्हणून वर आल्यावर ताजं गार पाणी अडीचशे बारने आत ढकलत राहायचं आणि तेवढंच बाहेर सोडायचं, दिवसरात्र, दाब न हलू देता. पंपाचा एक ठोका चुकला की आतल्या किड्यासाठी ते कित्येक मीटर वर फेकल्यासारखं होतं.

हे सगळं नीट जमवणाऱ्यांत पॅरिसच्या ब्रुस शिलिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम मला सर्वांत सलग वाटतं. अमेरिकेत, जपानात, स्कॉटलंडमध्येही सुरेख उपकरणं झाली. स्क्रिप्समध्ये विल्सन आणि स्मिथ यांनी ग्रेनेडियर मासा दाबाच्या सापळ्यात जिवंत पकडल्याचं 1985 मध्ये प्रसिद्ध केलं. पण फ्रेंचांनी यंत्रांची साखळीच बांधली. आधी ‘इपोकॅम्प’ हे जहाजावरचं 19 लिटरचं भांडं, खिडकीतून कॅमेऱ्याने आत पाहता येईल असं. मग ‘पेरिस्कोप’: पाणबुडीने तळावर प्राणी शोषून एका छोट्या कुपीत घ्यायचा, कुपी पेरिस्कोपच्या पोटात ठेवायची, झाकण लावायचं आणि त्याला स्वतंत्रपणे वर सोडायचं. 2008 च्या निबंधात त्यांनी 2,300 मीटर खोलीवरून मासे आणि कोळंब्या अशा जिवंत आणल्याचं नोंदवलं. नंतर ‘बालिस्ट’ नावाची जोड आली. तिच्यामुळे वर आलेला प्राणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात मधे दाब न सोडता हलवता येऊ लागला.

एवढा आटापिटा कशासाठी, तर पाँपेई किड्यासाठी.

हा किडा पूर्व प्रशांत महासागरात, साधारण 2,500 मीटर खोलीवर, समुद्रतळातून उसळणाऱ्या अतितप्त पाण्याच्या धुरांड्यांना चिकटून राहतो. धुरांड्याच्या भिंतीवर तो कागदासारखी पातळ नळी बांधतो, शेपूट भिंतीकडे आणि लालसर कल्ले बाहेर गार पाण्यात. बोटभर लांब, पाठीवर जीवाणूंची करडी लोकर. 1980 मध्ये देब्रुयेर आणि लोबिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं. वंशाला पाणबुडीचं नाव मिळालं, ॲल्विनेला. जातीला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहराचं, पाँपेयाना. पाणबुडीतून गेलेल्यांनी त्याच्या नळीत तापमापक घातले. 1998 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या नोंदीनुसार शेपटीकडे सरासरी 68 अंश आणि कधीकधी 81 अंशांपर्यंत, डोक्याकडे मात्र 22. त्याआधी एक किडा 105 अंश दाखवणाऱ्या तापमापकाच्या दांड्याभोवती वेढा घालून बसलेला दिसला होता. झालं. पृथ्वीवरचा सर्वांत उष्णता सोसणारा प्राणी म्हणून त्याची ख्याती झाली, पाठ्यपुस्तकांत गेली.

पण नळीतलं तापमान म्हणजे किड्याच्या अंगाचं तापमान नव्हे. तापमापक घातला की नळीतलं पाणी हलतं, गरम झोत आत येतो. किडा तिथे आहे म्हणजे तो ते सोसतो, हा तर्क आहे. त्याची परीक्षा कुणीच घेतली नव्हती. घेणार तरी कशी? किडा वर आणला की मरत असे. त्याचे जवळचे भाऊबंद जरा चिवट. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या हुआन दे फुका कटकावरचा पॅराल्विनेला सल्फिन्कोला हा किडा दाबाच्या टाकीत ठेवून पीटर गिर्गिस आणि रेमंड ली यांनी 2006 मध्ये एक देखणा प्रयोग केला. टाकीच्या एका टोकाला गरम पाणी, दुसऱ्या टोकाला गार, आणि मधे किड्यांना मोकळीक. किडे 40 ते 50 अंशांच्या पट्ट्यात जाऊन राहिले आणि 55 अंश थोडा वेळच सोसले. हा किडा आपणहून 50 च्या आसपास जातो, हे मात्र पक्कं दिसलं.

पाँपेई किड्याची पाळी 2013 मध्ये आली. ज्युलिएट रावो, शिलिटो आणि त्यांच्या गटाने पेरिस्कोप आणि बालिस्ट वापरून तो 250 बारच्या दाबात जिवंत वर आणला आणि त्याच दाबात तापवला. 42 अंशांना तो व्यवस्थित होता. तापमान 50 च्या पुढे 55 पर्यंत नेलं तेव्हा सगळे किडे मेले, आणि त्यांच्या पेशींची हानी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसली. त्यांचा निष्कर्ष सावध होता: या किड्याला सुखावह तापमान 50 च्या खालीच असावं. 81 आणि 105 अंशांचा जो गाजावाजा झाला होता तो बसला. खिडकीतून दिसलेलं ते दृश्य मी त्यांच्या चित्रफितीत पाहिलं आहे. फिकट पिवळ्या उजेडात करडी लोकर घेतलेला किडा आधी कल्ले आत-बाहेर करत असतो, मग अंग आखडून घेतो, आणि मग हलायचं थांबतो. वैज्ञानिक चित्रफितीत नाट्य नसतं. तरी मी ती पुन्हा लावली.

याच गटाने त्याआधी मध्य अटलांटिकच्या कटकावरच्या रिमिकॅरिस कोळंबीची अशीच परीक्षा घेतली होती. ही कोळंबी साडेतीनशे अंशांचं पाणी फेकणाऱ्या धुरांड्यांच्या अवतीभवती हजारोंनी गर्दी करते. ती उष्णतेची भोक्ती असणार असं वाटलं होतं. इपोकॅम्पमध्ये तिचा तोल तेहतिसाच्या पुढे, चाळिसाच्या आत जाऊ लागला. म्हणजे एक प्राणी आपण समजतो त्याहून नाजूक, दुसरा आपण समजतो त्याहून खूपच नाजूक. दोघांची सहनशक्ती आपण ठरवली होती ती त्यांच्या घराचा पत्ता पाहून.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळी उत्तरं जिवंत प्राण्यातूनच मिळतात असं नाही, आणि भांडं बांधणारी मंडळी कधीकधी तसा आव आणतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ पॉल यान्सी यांनी खोल पाण्यातल्या माशांच्या मांसातलं टीएमएओ नावाचं रसायन मोजलं. बाजारातल्या माशाला जो वास येतो तो याच रसायनाच्या मोडतोडीतून येतो. दाबाखाली प्रथिनांचा आकार टिकवायला हे रसायन मदत करतं, आणि खोलीबरोबर त्याचं प्रमाण वाढत जातं. 2014 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की 8,200 मीटरच्या आसपास ते इतकं वाढलेलं असेल की त्याखाली माशाला राहणं अवघड जावं. 2022 मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत कॅमेऱ्याने टिपलेला सर्वांत खोल मासा 8,336 मीटरवर होता. 1960 मध्ये ‘त्रिएस्त’ या पाणबुडी-यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी पोचलेल्या झाक पिकार यांनी तिथे चपटा मासा पाहिल्याचं सांगितलं होतं; तो मासा नसावा, हे आता जवळपास सगळेच मानतात. 2024 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं की खोल पाण्यातल्या कॉम्ब जेलींच्या पेशीपटलांतले मेदरेणू अशा वाकणाचे असतात की दाबाखालीच ते नीट बसतात. दाब गेला की पटल टिकत नाही आणि जेली अक्षरशः विरघळते. यान्सींचं आणि जेलींवरचं, ही दोन्ही कामं मेलेल्या ऊतींवर झाली. प्राणी कशाचा बनला आहे हे प्रेत सांगतं. तो काय सोसेल हे प्रेत सांगू शकत नाही, आणि आपल्याला पुढे लागणार आहे ते हेच दुसरं उत्तर.

लोकांना दाखवण्याचा एक प्रयोगही झाला. फ्रान्समधल्या ब्रेस्त शहरातल्या ओशनोपोलिस मत्स्यालयात 2012 पासून ‘ॲबिसबॉक्स’ नावाच्या दाबाच्या टाक्या मांडल्या गेल्या. मध्य अटलांटिकच्या कटकावरच्या, 1,700 मीटर खोल लकी स्ट्राइक भागातले खेकडे आणि कोळंब्या तिथे सुमारे 180 बारमध्ये राहिल्या, आणि शाळेची मुलं जाड काचेतून त्यांना पाहत गेली. यावर टीका होते की एवढा खर्च तमाशासाठी कशाला. माझं मत उलट आहे. जहाजावरचा प्रयोग तासांचा किंवा फार तर दिवसांचा असतो. प्राणी महिनोन्महिने जगवून दाखवणं म्हणजे त्याला काय लागतं ते खरंच कळल्याचा पुरावा, आणि प्रदर्शनाच्या निमित्ताने तो पुरावा रोज सगळ्यांसमोर द्यावा लागतो.

आता या पद्धतीतली मोठी त्रुटी. आमिषाच्या सापळ्यात कोण येतं? भुकेले, चपळ, मेलेलं खाणारे. ॲम्फिपॉड, ग्रेनेडियर, ईलच्या कुळातले काही. त्यामुळे खोल समुद्रातल्या प्राण्यांचा श्वास किती, भूक किती याची जी आकडेवारी आपल्याकडे आहे ती या मुडदेफरोशांकडे झुकलेली आहे. समुद्रतळावरचा चिखल खात सावकाश सरकणारी समुद्रकाकडी आमिषाकडे ढुंकून पाहत नाही. दगडाला चिकटलेला स्पंज तर जागचा हलत नाही. त्यांना पाणबुडीने हळूच उचलूनच आणावं लागतं, आणि तेही थोड्यांनीच केलं आहे.

इथून मी माझ्या मागण्याकडे येतो.

मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात, पाच किलोमीटर आणि त्याहून खोल तळावर, मुठीत मावतील असे धातूंचे गोटे पसरले आहेत. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. ते दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर या गतीने वाढतात. 26 जानेवारी 1981 रोजी ‘गवेषणी’ या जहाजावरच्या भारतीय शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रातून असे गोटे पहिल्यांदा काढले. पणजीजवळच्या दोना पावला इथल्या, 1966 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं हे काम. आज 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात या गोट्यांचा शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. तीन माणसांना 6,000 मीटरपर्यंत नेणारी ‘मत्स्य 6000’ ही पाणबुडी चेन्नईत तयार होते आहे. याच दोना पावल्यात चंद्रलता रघुकुमार आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या खोल गाळातून बुरशी वेगळी केली आणि ती दाबाखाली कशी वाढते याचा अभ्यास 1990 च्या दशकातच प्रसिद्ध केला. म्हणजे दाबाचं भांडं आपल्याकडे परकं नाही.

उद्या गोटे उपसायचं यंत्र तळावर चाललं की गाळाचे लोट उठतील, त्यात विरघळलेले धातू असतील. किती गाळ, किती तांबं चालेल, याची मर्यादा कुणीतरी कागदावर लिहील. ती कशावरून लिहिणार? आजवर बऱ्याचदा उथळ पाण्यातल्या सोयीच्या कोळंबीला तांब्याच्या पाण्यात घालून पाहिलं जातं आणि खालच्यांचा अंदाज बांधला जातो. पाँपेई किड्याच्या बाबतीत घरचा पत्ता पाहून केलेला अंदाज तीस अंशांनी चुकला. गोट्यांवरच्या स्पंजांच्या आणि समुद्रफुलांच्या बाबतीत तो किती चुकेल, हे जिवंत स्पंज दाबाखाली पाहिल्याशिवाय कोण सांगणार? आणि इथे चुकलं तर निस्तरता येणार नाही, कारण गोटा पुन्हा व्हायला काही दशलक्ष वर्षं लागतात आणि त्यावरच्या रहिवाशाला चिकटायला दुसरी कठीण जागा तिथे फारशी नाही.

म्हणून माझं मागणं लहान आणि नेमकं आहे. ‘मत्स्य’च्या यांत्रिक हाताजवळ एक पेटी असावी: टायटॅनियमची, उष्णतारोधक, पाचशे-सहाशे बार पेलणारी, ॲक्युम्युलेटर जोडलेली. तिच्यात आमिष नको. एक गोटा, त्यावरच्या भाडेकरूंसकट, हलक्या हाताने उचलून ठेवता यावा. जहाजावर दुसरं भांडं असावं, ज्यात तो गोटा दाब न सोडता सरकवता येईल आणि पाणी दिवसरात्र वाहतं राहील. पहिल्या खेपेला गळेल, दुसऱ्या खेपेला काहीतरी मरेल, हे धरूनच पैसे मंजूर व्हावेत. जोडीला एक साधा नियम असावा: खोदकामाच्या परवान्यासोबत त्या जागच्या किमान काही प्राण्यांची, त्यांच्या स्वतःच्या दाबात घेतलेली चाचणी जोडली पाहिजे. इथे बसलेल्या अभियंत्यांपैकी कोणाच्या वर्कशॉपमध्ये पाचशे बारच्या झाकणाचं काम होत असेल, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावं. ड्रॉइंग माझ्याकडे तयार आहे.